घरातील बिनतारी जाळे आणि त्याची किल्ली

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, मुलींचे उच्च शिक्षण, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर जाणकारांची व्याख्याने होत असतात. त्या मानाने माझा आजचा विषय आपणांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. घरात टेलिव्हिजनच्या वर किंवा दाराच्या चौकटीपाशी खिळ्याला टांगलेली, दोन-चार शिंगे असलेली जी पेटी असते, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. तिला राउटर म्हणतात. तिच्यातून निघणाऱ्या बिनतारी जाळ्याला आपण सगळेच वाय-फाय म्हणतो.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागली आणि ज्या घरांत पूर्वी कधी इंटरनेटची तार आली नव्हती, तेथेही ती आली. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, प्रवेशपत्र, आखातात नोकरीला गेलेल्या मुलाशी रात्रीचे बोलणे हे सारे त्या एका पेटीतून जाते. घराच्या दाराला आपण दोन-दोन कड्या लावतो. कपाटाची किल्ली आईच्या उशाखाली असते. या पेटीची किल्ली मात्र कोणाजवळ आहे, असे विचारले तर बहुतेक घरांत एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले जाते. जोडणी करून गेलेल्या मुलाला ती ठाऊक असते, शेजारच्या दोन घरांना ठाऊक असते, गेल्या वर्षी येऊन गेलेल्या पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये ती जतन झालेली असते. घरच्या कर्त्या माणसाला तेवढी ती ठाऊक नसते!

यात बिघडले कुठे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका घडलेल्या गोष्टीने देतो.

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका घडली आणि पन्नासहून अधिक निरपराध माणसे प्राणांस मुकली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक धमकीचा ई-मेल येऊन पडला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तेव्हा तो नव्या मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटमधील इंटरनेट जोडणीपाशी येऊन थांबला. त्या गृहस्थांचे संगणक ताब्यात घेण्यात आले, चौकशी झाली, देशभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे नाव झळकले. अखेरीस तपासातून निष्पन्न झाले ते असे की, त्यांच्या घरातील बिनतारी जाळे बाहेरच्याच कोणी तरी वापरले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधील एका कंपनीचे जाळे याच रीतीने वापरले गेले. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून उघडी जाळी हुडकण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

सानपाड्याचे ते गृहस्थ परदेशी नागरिक होते, कंपनीत अधिकारी होते. त्यांची बाजू निदान छापून तरी आली. आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या रिक्षावाल्याच्या किंवा घरी शिलाई करणाऱ्या एखाद्या बाईच्या नावावर जी जोडणी आहे, तिच्या बाबतीत असे काही घडले, तर “साहेब, तो मी नव्हेच” हे पटवून देईपर्यंत किती खेटे घालावे लागतील, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. मी त्याविषयी अधिक बोलत नाही. गुन्हा स्फोटांइतका भयंकरच असावा लागतो असेही नाही. कोणाची ऑनलाइन फसवणूक, एखाद्या मुलीला पाठविलेला घाणेरडा मजकूर, खोट्या नावाने उघडलेले खाते, यांचाही माग असाच काढला जातो.

तो कसा काढतात ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. आपल्या जोडणीला कंपनीकडून एक क्रमांक मिळतो. आपण इंटरनेटवर जेथे जेथे जातो तेथे हा क्रमांक नोंदला जातो. घरातील पाच मोबाइल, एक संगणक आणि भिंतीपलीकडून घुसलेला सहावा मोबाइल हे सारे बाहेरच्या जगाला त्या एकाच क्रमांकाने दिसतात. क्रमांकावरून कंपनी ग्राहकाचे नाव आणि पत्ता सांगते. बटणे कोणाच्या बोटांनी दाबली, हे त्या नोंदीत कोठेही लिहिलेले नसते. म्हणून तपास करणारा माणूस प्रथम ज्याच्या नावाचे बिल येते त्याच्याच दारात येतो.

आता पेटीकडे वळू. तिला किल्ल्या दोन असतात आणि हा भेद फार थोड्यांना माहीत असतो. पहिली किल्ली वाय-फायचा पासवर्ड, जो आपण मोबाइलमध्ये घालतो. दुसरी किल्ली खुद्द पेटीच्या कारभाराची. ती वापरून पेटीच्या आत जाता येते आणि पहिली किल्ली बदलता येते. पहिलीला घराच्या दाराची किल्ली म्हटले, तर दुसरी कुलूपच बदलण्याचा अधिकार देणारी आहे.

पहिलीपासून सुरुवात करतो. जोडणी करणाऱ्या मुलाला दिवसाकाठी अनेक घरे उरकायची असतात. तो बहुधा ग्राहकाचा मोबाइल नंबर हाच पासवर्ड घालून मोकळा होतो. ग्राहकही खूश, कारण लक्षात ठेवायला सोपे. हा पासवर्ड किती मजबूत आहे याचा हिशेब विद्यार्थ्यांनी माझ्याबरोबर करून पाहावा. आपल्याकडील मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि तो ६, ७, ८ किंवा ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतो. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर संभवतात. आकडा मोठा वाटतो खरा. तथापि चोर दारापाशी उभा राहून एकेक किल्ली लावून पाहत नाही. आपला मोबाइल पेटीशी जोडला जाताना दोघांत जी सांकेतिक देवाणघेवाण होते, ती तो रस्त्यावर उभा राहून हवेतूनच टिपून घेतो आणि घरी नेतो. तेथे स्वस्थपणे, आपल्या पेटीला कसलाही पत्ता लागू न देता, तो संगणकाकडून एकामागून एक अंदाज तपासून घेतो. खेळांसाठी संगणकात जे ग्राफिक्स कार्ड बसवितात, त्यांपैकी आजच्या एका भारी कार्डाला असे दहा लाखांहून अधिक अंदाज एका सेकंदात तपासता येतात. ४०० कोटींना दहा लाखांनी भागा. उत्तर आले ४,००० सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आतच सगळे मोबाइल नंबर तपासून संपले.

मुलाची जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्यांची अवस्था याहून वाईट आहे. शंभर वर्षांच्या सर्व तारखा एकत्र केल्या तरी त्या सुमारे ३६,५०० भरतात. त्यांना एक सेकंदही पुरेसा आहे. मुलाचे नाव आणि त्यापुढे १२३ हे तर चोर सर्वांत आधी लावून पाहतो.

मग पासवर्ड कसा असावा? चमत्कारिक चिन्हे भरलेला, कोणालाच पाठ न होणारा पासवर्ड घरात टिकत नाही. आठ दिवसांत तो पुन्हा मोबाइल नंबरावर येतो, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा एक जुनी, सोपी युक्ती सांगतो. घरातला शब्दकोश घ्या, डोळे मिटून कोठेही उघडा, बोट ठेवा आणि जो परिचयाचा शब्द सापडेल तो लिहून घ्या. असे चार शब्द काढा. समजा निघाले तवा, गलबत, चिंच आणि पंचांग. ते इंग्रजी लिपीत सलग लिहिले की झाला पासवर्ड. घरातील आजीलाही तो पाठ होईल. आता हिशेब पाहा. परिचयाचे शब्द दहा हजारच धरले, तरी चार शब्दांच्या जोडण्या एकावर सोळा शून्ये इतक्या होतात. मघाच्याच वेगाने त्या साऱ्या तपासायला तीनशेहून अधिक वर्षे लागतील. पाचवा शब्द जोडला की ती मुदत दहा हजार पटींनी वाढते. अट एकच. शब्द शब्दकोशातून, नशिबाने निघालेले असावेत. आपल्या आवडीचे घेतले की त्यांत मुलांची नावे, गावाचे नाव आणि नटांची नावे शिरतात आणि हिशेब कोलमडतो. मी आता सांगितलेले चार शब्दही कोणी घरी वापरू नयेत. ते या सभागृहात सर्वांनी ऐकले आहेत.

पासवर्ड चांगला असूनही कुलूपच कुचकामी असेल तर काय करायचे, हा पुढचा प्रश्न. बिनतारी जाळ्याचे पहिले कुलूप १९९७ साली आले. त्याचे नाव डब्ल्यूईपी. २००१ साली फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी त्यातील मूळ दोष दाखवून दिला आणि २००७ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी ते मिनिटाभराच्या आत उघडता येते हे सिद्ध केले. दरम्यान २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ अशी सुधारलेली कुलुपे आली. शेवटच्या प्रकारात मघाशी सांगितलेली, हवेतून टिपून घरी नेण्याची युक्ती चालत नाही. आपल्या पेटीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडावे. घरातील जुना मोबाइल त्याच्याशी जुळत नसेल तर दोन आणि तीन यांचा मिश्र पर्याय बहुधा असतो, तो घ्यावा. निदान डब्ल्यूपीए-२ तरी असावेच. यादीत डब्ल्यूईपी दिसले तर त्याला हात लावू नये. नातेवाइकांनी दुबईहून किंवा मुंबईहून पाठविलेली वापरलेली पेटी असेल, तर ही तपासणी अधिक अगत्याची.

याच ठिकाणी एका बटणाविषयी सावध करतो. बऱ्याच पेट्यांवर डब्ल्यूपीएस असे लिहिलेले असते. पासवर्ड न घालता यंत्र जोडता यावे म्हणून ही सोय आहे, आणि तिच्या एका प्रकारात आठ आकडी संकेतांक असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे आपण म्हणू. परंतु २०११ च्या डिसेंबरात स्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखविले की, पेटी पहिले चार आकडे वेगळे तपासते आणि उरलेले वेगळे. शिवाय आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो. म्हणजे पहिल्या भागाच्या १०,००० आणि दुसऱ्या भागाच्या १,००० मिळून जेमतेम ११,००० शक्यता. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. गुणाकाराच्या जागी बेरीज आली की काय अनर्थ होतो, ते मुलांना याहून चांगले कळणार नाही. नव्या पेट्यांत काही बंदोबस्त केलेला असतो, तरी ही सोय बंद करून टाकणेच शहाणपणाचे.

आता दुसरी किल्ली. कित्येक पेट्यांचे कारभाराचे नावही ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन असतो. तो कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे जगाला ठाऊक असतो. त्यातून काय होते याची दोन उदाहरणे पुरेत. २०१६ साली मिराई नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. घरोघरच्या पेट्या आणि कॅमेरे यांच्यावर तो असेच साठेक छापील पासवर्ड लावून पाहत होता आणि लाखो यंत्रे त्याच्या ताब्यात गेली. दुसरे उदाहरण ब्राझीलचे. तेथे २०११ च्या सुमारास लक्षावधी घरांतील मोडेमांत त्यांच्या सदोष रचनेचा फायदा घेऊन चोर शिरले आणि त्यांनी पत्ते सांगणारी व्यवस्थाच बदलून टाकली. ग्राहक आपल्या बँकेचे बरोबर नाव टंकित करी आणि पेटी त्याला चोरांनी उभारलेल्या हुबेहूब दुकानात नेऊन सोडी. पोस्टमनलाच फितवावे तसा हा प्रकार! आज बँकांची संकेतस्थळे कुलूपबंद पद्धतीने बोलतात, त्यामुळे अशा वेळी मोबाइल “ही जागा सुरक्षित नाही” असा इशारा देतो. तो इशारा बाजूला सारून पुढे जायचे नाही, हे घरातील प्रत्येकाला बजावून ठेवा. ब्राझीलच्या गोष्टीतून आणखी एक निघते. पेटी बनविणारी कंपनी असे दोष वेळोवेळी दुरुस्त करते आणि त्या दुरुस्त्या पेटीच्या आतल्या पानावर अपडेट या नावाखाली मिळतात. वर्षानुवर्षे तेथे कोणी फिरकत नाही.

यानंतरची गोष्ट जरा नाजूक आहे. शेजाऱ्याचा मुलगा दहावीला आहे, त्याच्या घरी इंटरनेट नाही. तो दाराशी येऊन म्हणतो, “खाला, वाय-फायचा पासवर्ड द्या ना, आज फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे.” त्याला नाही म्हणावे काय? मी तरी म्हणणार नाही. आपल्या वस्त्यांत साखरेच्या वाटीपासून ते शाळेच्या फीपर्यंत एकमेकांना हात देऊनच मुले शिकली आहेत. सुरक्षेच्या नावाखाली शेजारधर्म मोडा, असे सांगायला मी येथे आलेलो नाही. परंतु घरची किल्ली त्याच्या हातात देण्याची गरज नाही. बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते. तिला गेस्ट नेटवर्क म्हणतात. त्या जाळ्यावरील माणसाला इंटरनेट मिळते, मात्र घरातील संगणक, छपाईयंत्र आणि कॅमेरे यांच्यापर्यंत त्याला पोहोचता येत नाही. त्याचा पासवर्ड निराळा असतो. पाहुणे गेले, परीक्षा संपली की तो बदलता येतो किंवा ते जाळेच बंद करता येते. बैठकीची खोली आणि आतली खोली असते, तसे हे समजावे. घरात बसविलेला स्वस्तातला कॅमेरा आणि स्मार्ट टेलिव्हिजन हेही याच बाहेरच्या जाळ्यावर ठेवावेत, कारण दुरुस्त्या मिळण्याच्या बाबतीत तेच अधिक मागासलेले असतात.

तरीही एक गोष्ट विसरू नये. पाहुण्यांच्या जाळ्यावरून गेलेला मजकूरही बाहेर आपल्याच क्रमांकाने नोंदला जातो. म्हणून ते कोणाला द्यायचे हे माणूस ओळखूनच ठरवावे लागते. संध्याकाळी जिन्यात घोळक्याने बसणाऱ्या अनोळखी पोरांना द्यायचे नाही, एवढा विवेक आपल्या आयाबहिणींना माझ्याहून अधिक आहे. पैसे घेऊन वाटायचे असेल तर त्यासाठी २०२० साली मंजूर झालेली पीएम-वाणी ही रीतसर योजना आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी तिची माहिती घ्यावी, परस्पर धंदा करू नये.

मोबाइलवर चौकोनी ठिपक्यांचे चित्र दाखवून पासवर्ड “न सांगता” देता येतो, असे मुले म्हणतात. त्या चित्रात पासवर्ड उघड अक्षरांत भरलेला असतो. ते चित्र ज्याने टिपले, त्याला पासवर्ड मिळाला. जाळ्याचे नाव लपवून ठेवणे हाही असाच एक लाडका उपाय आहे. माहीतगार माणसाला ते नाव क्षणात सापडते, तेव्हा त्यावर वेळ दवडू नये. फक्त जाळ्याला आडनाव आणि खोली क्रमांक देऊ नये. कोणती पेटी कोणाची हे रस्त्यावरच्या माणसाला कशाला कळवायचे?

हे काम कोणी करायचे? माझ्या मते आठवी-नववीच्या वरच्या मुलामुलींनी, आणि वडील किंवा आई शेजारी बसलेली असताना. येत्या रविवारी सकाळी, घरात कोणाचा वर्ग किंवा परीक्षा नसताना बसा. पेटीच्या खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर कारभाराचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो इंग्रजी आकड्यांत मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लिहिला की पेटीचे पान उघडते. काही कंपन्यांचे यासाठी स्वतंत्र ॲप असते. आधी कारभाराचा पासवर्ड बदला, मग वाय-फायचा. कुलूप पाहा, डब्ल्यूपीएस बंद करा. बाहेरून कारभार करण्याची, म्हणजे रिमोट मॅनेजमेंटची, सोय चालू असेल आणि ती कंपनीने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली नसेल, तर तीही बंद करा. अपडेट आले असेल तर ते घ्या आणि ते चालू असताना वीज घालवू नका. ज्या गावी भारनियमन आहे तेथे वेळ पाहूनच हे करावे. पासवर्ड बदलला की घरातील सगळी यंत्रे तुटतील आणि एकेक करून पुन्हा जोडावी लागतील. तेव्हा कोण कोण जोडलेले होते तेही कळेल. यादीत घरात नसलेले एखादे नाव दिसले तर आरडाओरडा नको. पुष्कळदा तो शेजारच्या चाचांचा जुना फोन असतो.

दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड लिहून ठेवू नये असे पुष्कळ जण सांगतात. घरच्या पेटीपुरते मला ते पटत नाही. भिंतीपलीकडच्या चोराला आपली फाइल दिसत नाही, आणि अब्बा परगावी असताना आईला तो कागद सापडला पाहिजे.

पेटीच्या मागे सुईने दाबायचे एक बारीक छिद्र असते. पासवर्ड विसरला तर ते दाबा, असे इंटरनेटवर जागोजागी सांगतात. फायबरच्या जोडणीत तसे केल्यास कंपनीने भरून दिलेली माहितीही पुसली जाण्याचा संभव असतो, आणि मग माणूस येईपर्यंत घर इंटरनेटवाचून बसते. तेव्हा आधी कंपनीला फोन करावा. माणूस आला की त्याच्याकडून काम करून घ्यावे, आणि तो जिना उतरल्यावर वाय-फायचा पासवर्ड पुन्हा आपल्या हाताने बदलावा. कार्यक्रम संपल्यावर मी अर्धा तास येथेच थांबणार आहे. ज्यांची पेटी काही केल्या उघडत नाही, त्यांनी मला तिचा मॉडेल क्रमांक सांगावा. पासवर्ड मात्र मलाही सांगू नये.